कापडावरचा नकाशा

१

सोमवारी सकाळी मी नकाशांच्या कपाटाचा तिसरा खण ओढला. त्यात तो नकाशा नव्हता.

आधी वाटलं, खण चुकला. मग सगळेच उपसले. मोठे कागद सपाट राहावेत म्हणून बाबांनी बनवून घेतलेलं ते सागवानी कपाट, आठ खणांचं. आठही पाहिले. तिसऱ्या खणातले बाकीचे कागद शनिवारी मी ठेवले होते तसेच, कडा जुळवलेले. त्यांच्यातून नेमका तो एकच नाहीसा झाला होता. ज्या पत्र्याच्या नळीतून तो आला होता, ती नळी मात्र कोपऱ्यात होती तिथंच होती. रिकामी.

मी रेश्मा देशमाने. सोलापुरात मुरारजी पेठेत बाबांनी थाटलेलं इंजिनियरचं ऑफिस आता मी चालवते. घर बांधायचं, मजला चढवायचा, की लोक आमच्याकडं येतात. आम्ही नकाशा काढतो, बांधकाम परवानगीचा अर्ज भरतो. हल्ली अर्ज संगणकावरून जातो, पण जुन्या घरांचा मूळ मंजूर नकाशा लागतोच. तो कोण जपून ठेवतं?

उदय गिरणी कामगार सोसायटीचा नकाशा जपला होता धोंडीराम घाडगे यांनी. वय त्र्याऐंशी, सोसायटीचे जुने सेक्रेटरी. शनिवारी दुपारी बारा वाजता ते स्वतः नळी घेऊन जिना चढले होते. "पंचेचाळीस वर्सात उघडली न्हाय मी ही," म्हणाले, आणि न उघडताच माझ्या हातात देऊन गेले.

आत १९७९ सालचा सोसायटीचा आराखडा होता, आणि तो कागदावर नव्हता, कापडावर होता. तेव्हा तलम सुती कापडाला खळ देऊन ते काचेसारखं पारदर्शक करत आणि त्यावर काळ्या शाईनं रेघा मारत. लहानपणी बाबांच्या टेबलाखाली बसून मी असली कापडं हुंगायची. त्या दुपारी ते पसरलं आणि तोच वास आला, खळीचा आणि जुन्या शाईचा. मी इतकी रमले की हातातल्या पेल्यातलं थेंबभर पाणी त्यावर सांडलं. पाणी लागलं की त्या कापडाची खळ विरघळते. चौदा नंबरच्या प्लॉटशेजारी रुपयाएवढा पांढरा डाग पडला. एक वाजला होता, जेवणाची सुट्टी, ऑफिसात कुणी नव्हतं. मी शरमेनं नकाशा खणात सरकवला आणि कुणाजवळ बोलले नाही.

आणि आता तो नकाशाच गेला होता. शुक्रवारी सुनावणी होती.

२

सुनावणी होती तेजश्री शिवशरणच्या अर्जावर. तेजश्री दवाखान्यात परिचारिका. तिचे वडील त्रिंबककाका गिरणीत सूतखात्यात होते. त्यांच्या चौदा नंबरच्या घरामागं एक खोली आहे, दहा फूट रुंद. तिथं काकांनी चाळीस वर्षं वस्तीतल्या पोरांना अभ्यासाला बसवलं. एक दिवा, एक फळा, आणि दारात बसलेले काका. त्या खोलीवर मजला चढवून आणखी पोरांची सोय करायची, एवढंच तेजश्रीला हवं होतं.

पाठीला पाठ लावून पंधरा नंबरचं घर. तिथल्या गुरप्पा हत्तुरेनं हरकत घेतली: ती खोली माझ्या जागेत आहे, ती पाडा. निकाल लागायचा तर मूळ नकाशावरच. नक्कल मागवली तर रीतसर वेळ लागणार, आणि शुक्रवार चार दिवसांवर.

मी सिद्धाप्पाकाकांना फोन केला. सिद्धाप्पा कोनापुरे बाबांचे ट्रेसर होते. बाबा पेन्सिलीनं काढत, काका कापडावर शाईनं उतरवत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत. हात थरथरतो, नजर नाही थरथरत.

ते आले, कपाटापाशी स्टूल ओढून बसले आणि बराच वेळ खणाकडं बघत राहिले.

"शनिवारी कोण कोण आलं हुतं?"

मी सांगितलं. आमचा संगणकावर नकाशे काढणारा अमृत तीनपर्यंत होता, मग केमच्या गाडीनं गावी गेला. चारला गुरप्पा आला, भांडला; मधेच मला फोन आला, तेव्हा पाचएक मिनिटं तो एकटा होता. पाचला धोंडीरामकाका विसरलेला मफलर न्यायला आले. मी गॅलरीत बोलत होते, त्यांना म्हटलं, आत बघून घ्या.

"आन जाताना कुणाच्या हातात काय हुतं?"

ते समोरच्या चहावाल्या श्रीमंतला विचारून झालं होतं. त्याची नजर दिवसभर आमच्या जिन्यावर असते. त्यानं शपथेवर सांगितलं, तिघंही मोकळ्या हातानं उतरले. तीन फुटांची गुंडाळी कुणाकडंच नव्हती.

तेवढ्यात अमृत आला. नकाशा गेल्याचं ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, ते निळसर प्लॅस्टिकचं होतं तेच ना? मी नुसतं नळीतून डोकावून पाहिलं, हात नाही लावला. आज स्कॅनला न्यायचं होतं."

सिद्धाप्पाकाका हसले. "बाळ, प्लॅस्टिक न्हवं ते." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "ह्याला सोड. प्लॅस्टिक समजणारा त्याची गुंडाळीच करून नेणार. ज्यानं नेला त्याला ठाऊक हुतं की हे कापड हाय. घडी घातली, सदऱ्याखाली पोटाशी धरली, की आवाज न्हाय, काय न्हाय. चल, तुझ्या त्या गुरप्पाकडं जाऊ."

३

गुरप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागांची देखभाल करणारा जॉबर आहे. मागांच्या खडखडाटात बोलणं शक्यच नव्हतं. तो बाहेर येऊन मोटारसायकलीला टेकून उभा राहिला. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं, केसांत सुताचे तंतू.

"नकाशा गेला म्हणता? मॅडम, हे बरं हाय की! माझ्या फायद्याची वस्तू नेमकी तुमच्याच ऑफिसातनं गायब व्हती!"

"तुमच्या फायद्याची कशावरून?" सिद्धाप्पाकाकांनी विचारलं.

त्यानं खिशातून मळका कागद काढला. "उताऱ्यावर माझा प्लॉट पन्नास फूट लांब हाय. मी चार वेळा मोजला. चाळीसच भरतो. धा फूट कुटं गेले? त्या खोलीखाली! माझा बाप अंगठाबहाद्दर हुता. शेजारी शिकलेला. शिकलेल्यानं अडाण्याला फसवलं. दुसरं काय?"

"त्रिंबकरावांना विचारलं कधी?"

"विचारलं की. पट्टी घेऊन दारात गेलो. म्हनले, नकाशा येऊ दे, त्यात काय असंल ते मला मान्य. लई शहाणे! आता नकाशाच गेला."

त्याचा आवाज मधेच चिरला. भांडखोर माणसाचा तो आवाज नव्हता. बापाला कुणी लुबाडलं, आणि बाप गेला तरी आपल्याला ते कळलं नाही, या विचारानं पोखरलेल्या माणसाचा होता.

परत येताना रिक्षात काका म्हणाले, "ह्यानं नेला न्हाय. ह्याला तर तो सगळ्यांच्या आधी हवाय. आन ह्यानं तो कदी बघितलाच न्हाय, कापडाची काय माहिती ह्याला."

"मग उरलं कोण?"

बंद पडलेल्या गिरणीची चिमणी दिसली तशी काकांनी रिक्षावाल्याला डावीकडं वळायला सांगितलं. तो धोंडीरामकाकांच्या घराचा रस्ता होता.

४

धोंडीरामकाका अंगणात उन्हाला बसले होते. गळ्यात तोच मफलर. सिद्धाप्पाकाकांना बघून त्यांचा चेहरा उजळला. दोघं एकमेकांना पन्नास वर्षं ओळखत होते, आणि पहिली दहा मिनिटं त्यांनी मला बोलूच दिलं नाही. गिरणीचा भोंगा, भोंग्यावर लावलेली घड्याळं, सोसायटीच्या पहिल्या सभेत वाटलेली भजी. प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले होते.

"चौदा आन पंधराची चिठ्ठी एकदमच निघाली," धोंडीरामकाका म्हणाले. "त्रिंबक आन धुळाप्पा. दोघं एकाच पाळीचे. एका डब्यात जेवायचे लोकांची नजर चुकवून. लई जीव एकमेकावर."

"धुळाप्पा म्हणजे गुरप्पाचे वडील?" मी विचारलं.

"व्हय."

मग मी नकाशा गेल्याचं सांगितलं. ते हातातल्या काठीशी चाळा करू लागले.

"गेला तर गेला, पोरी. जुनं ते जायचंच. मी मफलर घेतला, खुर्चीवरच हुता, आन तसाच उतरलो. आत गेलो न्हाय."

"शुक्रवारी काय दाखवू मी?"

"नसंल नकाशा तर गुरप्पाची हरकत टिकायची न्हाय. खोली ऱ्हाईल." मग समजूत घालावी तसं म्हणाले, "आन तसाबी तो चालला नसता. चौदाजवळ केवढा पांढरा डाग हाय त्याच्यावर. असला डागाळलेला नकाशा सायब लोक धरतेत व्हय?"

सिद्धाप्पाकाकांनी मान हलवली, चहा संपवला आणि निरोप घेतला. फाटकाबाहेर येताच त्यांनी माझं मनगट धरलं.

"रेश्मा, खरं सांग. त्या नकाशावर डाग हुता?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"होता. मीच पाडला. पाणी सांडलं."

"कधी?"

"शनिवारी. एक वाजता."

आणि बोलता बोलताच मला उमगलं. धोंडीरामकाका बाराला नळी देऊन गेले होते, न उघडता. त्या वेळी डाग नव्हता. डाग फक्त त्यालाच ठाऊक असणार, ज्यानं एक वाजल्यानंतर खण उघडून तो नकाशा पाहिला.

५

आम्ही परत अंगणात गेलो तेव्हा ते उभेच होते. जणू वाट बघत होते.

"धोंडीबा," सिद्धाप्पाकाका मऊपणानं म्हणाले, "डाग शनिवारी दुपारी पडला."

धोंडीरामकाकांनी काठी भिंतीला टेकवली, आत गेले आणि सोलापुरी चादरीत गुंडाळलेली चौकोनी घडी घेऊन आले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"चोरी करायला न्हाय उघडला मी. मफलर घेतला आन वाटलं, एकदा बघावा. म्हातारपणी काय, बघायलाच उरतं. चौदा बघितला, पंधरा बघितला, आन हादरलो. सीमेची रेघ त्रिंबकच्या घराला लागूनच हाय. त्याच्या मागं काय बी न्हाय. ती खोली सगळीच्या सगळी पंधरात येते. मीच आणून दिला की ह्यो नकाशा! माझ्या हातानं त्रिंबकची खोली पाडायची व्हय? माझी दोन नातवंडं तिथं शिकून नोकरीला लागली."

आम्ही बाजेवर कापड उलगडलं. चार घड्यांच्या रेघा कायमच्या उमटल्या होत्या. सिद्धाप्पाकाका त्यावर वाकले, आणि मला दिसलं, ते आधी अक्षरं बघत होते. ती त्यांचीच होती, पंचेचाळीस वर्षांपूर्वीची, एकसारखी, टपोरी. त्यांनी थरथरतं बोट सीमेच्या रेघेवरून फिरवलं.

धोंडीरामकाका खरं बोलत होते. गुरप्पाची मोजणी बरोबर होती. हा नकाशा सुनावणीत ठेवला तर माझाच पक्ष हरणार होता.

"झाकून ठेवता येईल," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण तो विचार माझ्या मनात आलाच होता.

"येईल की," सिद्धाप्पाकाका म्हणाले. "तुझ्या बाबांनी ठेवला असता?"

मी नकाशा घडी न घालता हलकेच गुंडाळला.

"त्याच्या आधी ती खोली बघू," काका म्हणाले. "मला एक गोष्ट पटत न्हाय. त्रिंबक 'नकाशा येऊ दे' म्हणाला. चोर असं म्हणत न्हाय."

६

मंगळवारी संध्याकाळी आम्ही गेलो. तेजश्रीची दवाखान्यातली ड्यूटी संपली होती. मी तिला उंबऱ्यातच खरं काय ते सांगून टाकलं. ती भडकली.

"तुम्ही आमच्या बाजूनं आहात ना, मॅडम? मग तो नकाशा सापडलाच नाही म्हणायचं!"

"तेजू," आतून त्रिंबककाकांचा आवाज आला. "येऊ दे त्यांना आत."

खोलीत सात-आठ पोरं खाली मान घालून लिहीत होती. काकांनी त्यांना लवकर सुट्टी दिली. सिद्धाप्पाकाका मात्र कुणाकडं न बघता भिंतीच चाचपत होते. पंधरा नंबरच्या बाजूच्या भिंतीपाशी ते थांबले. गिलाव्यात एक बारीक चीर होती, सरळ वर गेलेली, मग आडवी, मग सरळ खाली. माणसाच्या उंचीची चौकट.

"हितं दार हुतं," ते म्हणाले. "मागनं बुजवलंय. रेश्मा, दुसऱ्याची जागा लाटून खोली बांधणारा त्याच्याच अंगणाकडं दार ठेवंल का?"

त्रिंबककाका खुर्चीत बसले. चांगुणाकाकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"सांगा की आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "किती दिवस धरून बसणार?"

काका बोलले ते थांबत थांबत.

"धुळाप्पाची थोरली पोर वैजयंती. लई हुशार. घरात हातमाग, दिवसभर खटखट, अभ्यासाला जागा न्हाय. धुळाप्पा म्हनला, तुझ्याकडं बसू दे. पण त्याची आई जुन्या वळणाची. आमच्या घरात तिची नात बसली असती तर म्हातारीनं अन्न सोडलं असतं. जात आडवी आली की. मग धुळाप्पानंच डोकं चालवलं. म्हनला, त्रिंबक, जागा माझी, विटा तुझ्या. माझ्या जागेत खोली बांधू, माझ्या अंगणातनं दार ठेवू. आईला सांगीन, पोरगी आपल्याच घरात बसलीय. आन तू तुझ्या दारातनं आत येऊन शिकीव."

"कागद?" मी विचारलं.

"त्यानं अंगठा द्यायचा आन मी त्याच्याकडनं घ्यायचा? दोस्ताकडनं?" काका हसल्यासारखे झाले. "वैजयंती शिकली, वेळापूरला हेडमास्तरीण झाली. दार पुढं त्यांच्या घरातल्यांनी बुजवलं. धुळाप्पा अचानक गेला. बोलायचं राहून गेलं."

"हे सगळं तुम्ही म्हणताय," मागून आवाज आला. "खरं कशावरनं?"

दारात गुरप्पा उभा होता. त्याला मीच बोलावलं होतं, पण तो कधी आला ते कुणाला कळलं नव्हतं.

७

गुरप्पाची शंका रास्त होती. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही सांगता येतं.

"तुमची बहीण हयात आहे," मी म्हणाले. "तिला फोन करा. इथलं काही सांगू नका. एवढंच विचारा, दहावीला असताना ती अभ्यासाला कुठून जायची."

गुरप्पा घुटमळला. हरकत घेतल्याचं त्यानं बहिणीला सांगितलंच नव्हतं. शेवटी त्यानं फोन लावला आणि मी खूण केली तसा सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"अक्का, तू दहावीला कुटं बसायचीस अभ्यासाला?"

"आज हे काय मधेच?" पलीकडून वैजयंतीबाई हसल्या. "मागच्या खोलीत की. त्रिंबकसरांच्या."

"जायचीस कुठनं? त्यांच्या घरातनं?"

"छे रे. आजीनं पाय मोडले असते. आपल्या अंगणातनं दार होतं. तू दोन वर्षांचा होतास तेव्हा बुजवलं. अण्णा रोज संध्याकाळी ते दार स्वतः उघडायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, 'आई, पोरगी आपल्याच जागेत हाय बरं का.' खोली सरांची, आणि अण्णांचं आपलं काहीतरीच! गुरू, काय झालंय? आवाज असा का येतोय तुझा?"

"काय न्हाय. मागनं करतो," म्हणून त्यानं फोन बंद केला.

तिला जागा कुणाची ते आजही ठाऊक नव्हतं. म्हणूनच तिचं बोलणं खोडता येण्यासारखं नव्हतं. सिद्धाप्पाकाकांनी नकाशा पुढं केला. "तुझी मोजणी बरोबर हाय, गुरप्पा. धा फूट तुझेच. शुक्रवारी आम्ही हेच दाखवणार."

गुरप्पानं नकाशा हातात घेतला नाही. तो त्या चौकटीच्या चिरेकडं बघत होता. बापाला कुणी फसवलं नव्हतं. अंगठाबहाद्दर बापानं सगळ्या शिकलेल्यांपेक्षा मोठी अक्कल लढवली होती, आणि ती लपवून तसाच निघून गेला होता.

"काका," तो कसाबसा म्हणाला, "मला का न्हाय सांगितलं कधी?"

त्रिंबककाकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"तू पट्टी घेऊन आलास, बाळा. मोजायला आलेल्या माणसाला काय सांगायचं? त्याला नकाशाच दाखवावा लागतो."

शुक्रवारचं सांगण्यासारखं फार नाही. नकाशा ठेवला, घड्यांसकट, डागासकट. गुरप्पानं हरकत मागं घेतली. चौदा आणि पंधरा दोन्ही प्लॉटचा मिळून नवा अर्ज करायचं ठरलं. त्याचं काम अजून चालू आहे. दोन वेळा त्रुटी निघाल्या, तिसऱ्यांदा परवा पाठवलाय. धोंडीरामकाकांचं नाव आम्ही कुठंच घेतलं नाही. नकाशा माझ्या ऑफिसात सापडला एवढंच सांगितलं, आणि हे खोटं मी आजही माझ्या डोक्यावर घेतलं आहे.

पण मला आठवते ती मंगळवारचीच संध्याकाळ. गुरप्पानं चपला काढल्या आणि पहिल्यांदाच आत आला. चांगुणाकाकूंनी चहा आणला. तो पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसला, आणि काय बोलावं ते न कळून म्हणाला, "अण्णा घरी फार बोलायचे न्हाईत."

"धुळाप्पा?" त्रिंबककाका खुर्चीतून उठले आणि गुडघ्यावर हात ठेवत ठेवत त्याच्यासमोर खाली येऊन बसले. "आरं, तुझा बाप पाळीवरनं येताना गायचा. भर रस्त्यात. कन्नड पदं. आवाज असा, की पुढच्या चौकातली माणसं वळून बघायची. तुला ठाऊक न्हाय?"

गुरप्पानं मान हलवली. त्याला ठाऊक नव्हतं.

"मग ऐक," काका म्हणाले.